शाळेचा खर्च आणि गुरुजींचा मुक्काम

गेल्या विधानसभा निवडणुकीत, नोव्हेंबर २०२४ मध्ये, सातारा जिल्ह्याच्या पश्चिमेकडील डोंगरी भागात प्रचार करणाऱ्या एका उमेदवाराने जिल्हा परिषदेच्या शाळांविषयी चार गोष्टी सातत्याने मांडल्या. शिक्षकाचे प्रत्येक पद नियमित वेतनश्रेणीत भरावे, कंत्राटी नेमणुका करू नयेत. डोंगरातल्या शाळेवर शिक्षक किमान पाच वर्षे टिकेल अशी व्यवस्था करावी आणि त्यासाठी त्याला वेगळा भत्ता व राहायला घर द्यावे. शाळेला दरवर्षी मिळणारे अनुदान वाढवावे. आणि हे होईपर्यंत जिथे शिक्षक नाही तिथे गावाने वर्गणी काढून मानधनावर एखादा शिकलेला तरुण नेमावा. रस्ते, पाणी आणि ऊसदर यांच्या गदारोळात शाळेवर इतके स्पष्ट बोलणारा माणूस निवडणुकीत क्वचितच भेटतो. ते निवडून आले नाहीत, पण त्यांनी काढलेला विषय अजून थांबलेला नाही, आणि ज्या रीतीने त्यावर वाद घातला जातो ती रीत पाहून हा लेख लिहावासा वाटला. एका बाजूने म्हटले जाते की ही सारी शिक्षकांची मते मिळवण्याची खटपट होती. गुरुजींना आधीच भरपूर पगार आहे, तरी ते नेमणुकीच्या गावात राहत नाहीत. दुसऱ्या बाजूने उत्तर येते की शिक्षक हा समाजाचा शिल्पकार आहे, त्याच्याकडे बोट दाखवू नका. एकाला शिक्षकावर राग काढायचा आहे, दुसऱ्याला त्याचा सत्कार करायचा आहे. तिसरीतले मूल या वर्षी भागाकार शिकले की नाही, हे दोघांपैकी कोण विचारतो?

माझे मत सुरुवातीलाच सांगतो. त्या उमेदवाराच्या पहिल्या तीन मागण्या योग्य आहेत आणि चौथी चुकीची आहे. शाळेवर होणारा खर्च आणि शिक्षकाचा शाळेवरील मुक्काम हे दोन वेगळे प्रश्न म्हणून चर्चिले जातात, आणि सगळी गल्लत तिथेच होते. शिक्षक जर दर दीड-दोन वर्षांनी बदलणार असेल तर त्याच्या पगारावर, प्रशिक्षणावर आणि त्याच्या हाती दिलेल्या साहित्यावर झालेल्या खर्चातले मुलापर्यंत फार थोडे पोहोचते. उलट पैसा पुरेसा आणि खात्रीचा नसेल तर शिक्षक टिकण्याची शक्यताच उरत नाही. माझी मुले पाटण तालुक्यातील आमच्या गावच्या शाळेत होती तेव्हा मी सहा वर्षे शाळा व्यवस्थापन समितीत होतो. त्या सहा वर्षांत चार शिक्षक आले आणि गेले. त्यांतले एक जण तर ऐन जानेवारीत कामगिरीवर, म्हणजे तात्पुरत्या नेमणुकीवर, दुसऱ्या शाळेत गेले. चौघांपैकी एकालाही मी कामचुकार म्हणणार नाही. पण प्रत्येकाला नव्याने पट समजून घ्यावा लागला, कोणाला वाचता येते आणि कोणाला येत नाही हे शोधण्यात प्रत्येकाचे पहिले दोन-तीन महिने गेले, आणि एका वर्गाला अंकओळख तीनदा शिकवली गेली, भागाकार मात्र एकदाही नीट झाला नाही. चौथे गुरुजी हजर झाले त्या दिवशी अंगणात शेणी थापत बसलेल्या एका आजींनी त्यांना एवढेच विचारले, "गुरुजी, तुमी तरी ऱ्हाशीला का?" शिक्षणखात्याच्या एवढ्या बैठका होतात, पण आजींच्या त्या एका प्रश्नाइतका नेमका प्रश्न मी कुठल्याही बैठकीत ऐकलेला नाही.

आपल्या राजकारणाला हा प्रश्न नकोसा वाटतो याचे कारण उघड आहे. वर्गखोली दिसते. तिच्यावर कोनशिला बसवता येते, फीत कापता येते, कार्यअहवालात तिचे छायाचित्र छापता येते. महाराष्ट्रात आमदाराला स्थानिक विकासासाठी वर्षाला ५ कोटी रुपयांचा निधी मिळतो आणि त्यातून बांधलेल्या खोल्या, कुंपणभिंती, बसवलेले पेव्हर ब्लॉक यांची यादी प्रत्येक प्रचारपत्रकात असते. खोल्यांची गरज नाही असे माझे म्हणणे नाही. गळक्या छपराखाली मूल बसवू नये. पण पाच वर्षे एका जागी राहून शिकवणाऱ्या शिक्षकाची कोनशिला बसवता येत नाही, म्हणून त्याच्यासाठी विधानसभेत भांडणारा आमदारही सापडत नाही. या उमेदवाराने निदान खोल्यांची यादी वाचून दाखवली नाही, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटली.

आता विरोधी बाजूतल्या सर्वांत बळकट मुद्द्याकडे येतो. शालेय शिक्षणाच्या तरतुदीचा फार मोठा भाग आधीच पगारावर जातो, तरी पालक जिल्हा परिषदेची शाळा सोडून मुलांना इंग्रजी माध्यमाच्या पिवळ्या बसमध्ये बसवतात. मग आणखी पैसे ओतून काय साधणार? यातली वस्तुस्थिती खरी आहे. साताऱ्यापासून कराडपर्यंत महामार्गालगतच्या कुठल्याही गावात सकाळी आठ वाजता उभे राहिले की ती दिसते. परंतु पगारावर जास्त खर्च होतो ही तक्रार शाळेच्या बाबतीत नीट तपासली पाहिजे. साखर कारखान्यात यंत्र असते, कच्चा माल असतो; शाळेत काम करणारे यंत्र म्हणजे शिक्षक हाच आहे, तेव्हा खर्चाचा मोठा वाटा त्याच्यावर होणे यात गैर काही नाही. गैर आहे ते उरलेल्या वाट्याचे आकारमान. समग्र शिक्षा योजनेत ३० पर्यंत पट असलेल्या शाळेला वर्षाला १०,००० रुपये आणि ३१ ते १०० पटाच्या शाळेला २५,००० रुपये अनुदान ठरलेले आहे. दहा हजार म्हणजे महिन्याला साधारण ८३३ रुपये. त्यातच विजेचे बिल, खडू, स्वच्छता, किरकोळ दुरुस्ती आणि ऑनलाइन माहिती भरण्यासाठी लागणारे इंटरनेट. डोंगरातल्या बहुतेक शाळा याच पहिल्या गटात येतात. एवढ्या रकमेत महिनाभर शाळा चालवून दाखवा, असे आपण कोणाला सांगू का? प्रत्यक्षात गुरुजी स्वतःच्या खिशातून खर्च करतात, हे समितीत बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक असते, आणि बदली होऊन जाणारा माणूस तो खर्च करताना हात आखडता घेतो, हेही ठाऊक असते.

पालक शाळा सोडतात याचे कारणही माध्यम एवढेच नाही. चार इयत्ता आणि एक शिक्षक अशी शाळा पाहिल्यावर कोणता बाप थांबेल? शिक्षण हक्क कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्यानुसार पहिली ते पाचवीच्या शाळेत ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक असलेच पाहिजेत. त्याच कायद्याचे २६ वे कलम सांगते की रिक्त पदे मंजूर पदांच्या १० टक्क्यांहून अधिक असू नयेत. हे कलम वाचताना मला नेहमी त्यातली पळवाट दिसते. टक्केवारी मंजूर पदांवर काढायची आहे; मग मंजूर पदेच कमी केली तर? दर वर्षी ३० सप्टेंबरच्या पटावरून संचमान्यता होते, म्हणजे कोणत्या शाळेला किती शिक्षक हे ठरते. १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयाने या संचमान्यतेचे निकष बदलले. सहावी ते आठवीच्या वर्गांत वीसच्या आत पट असलेल्या शाळांवर त्याची कुऱ्हाड पडणार म्हणून शिक्षक आणि पालक दोघेही रस्त्यावर आले. पद मान्यच नसले की ते रिक्तही राहत नाही. कागदावर कायदा पाळला जातो आणि सातवीच्या मुलीला गणित शिकवायला माणूस नसतो. "रिक्त पदे भरू" अशी आश्वासने सगळेच उमेदवार देतात. कोणती पदे मंजूर राहतील, हा त्याच्या आधीचा प्रश्न आहे, आणि ते उमेदवारही या प्रश्नापर्यंत पोहोचले नव्हते, हे मी त्यांच्या बाजूचा असूनही नोंदवतो.

लहान शाळांबद्दलचा आक्षेप याहून अवघड आहे आणि त्याला मी सहज उडवून लावणार नाही. सात मुलांच्या शाळेवर दोन शिक्षक ठेवले तर दरडोई खर्च फार होतो, आणि खर्चाचे बाजूला ठेवले तरी सात मुलांत कबड्डीचा संघ कसाबसा एकच होतो, प्रतिस्पर्धी मिळत नाही. सोबत्यांशिवाय वाढणाऱ्या मुलाचे नुकसान होते, हे खरे आहे. २०१७ च्या डिसेंबरात दहाच्या आत पट असलेल्या तेराशेहून अधिक शाळा बंद करण्याचा निर्णय राज्याने घेतला होता तो याच युक्तिवादावर, आणि २०२३ मध्ये समूह शाळांची, म्हणजे आसपासच्या लहान शाळा एका मोठ्या शाळेत एकत्र करण्याची, कल्पना पुढे आली तीही याच आधारावर. पुणे जिल्ह्यातील पानशेत आणि नंदुरबारमधील तोरणमाळ ही त्याची उदाहरणे म्हणून दाखवली गेली. जिथे रस्ता बारमाही आहे, गाडी खात्रीने येते आणि केंद्रातली शाळा खरोखर चांगली आहे, तिथे दोन-तीन वाड्यांनी संमतीने एक शाळा करावी, याला माझा विरोध नाही. पण सातारा जिल्ह्याचा नकाशा समोर ठेवून बोलावे. कोयनेच्या जलाशयाकाठच्या खिरखंडीच्या मुली स्वतः होडी वल्हवत पलीकडच्या अंधारीला शाळेसाठी जात होत्या. जानेवारी २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्याची स्वतःहून दखल घेतली, तेव्हा कुठे ही गोष्ट राज्याला कळली. जुलै २०२१ च्या पावसात पाटण तालुक्यातील आंबेघर, मिरगाव, ढोकावळे येथे दरडी कोसळून माणसे गाडली गेली आणि वाटा तुटल्या. अशा मुलखात समूह शाळेची गाडी जून ते सप्टेंबर कोणत्या रस्त्याने येणार आहे? आणि जिथे मुलाला नेणारी गाडी नसते तिथे आधी मुलीचे नाव शाळेतून निघते, मग मुलाचे.

पट कमी का झाला हेही विसरू नये. जावळी आणि पाटणच्या घराघरांतून पुरुष माथाडी कामगार म्हणून मुंबई आणि नवी मुंबईला गेले; थोडी ऐपत आली की कुटुंबही गेले. मागे राहिली ती ज्यांची तेवढीही ऐपत नव्हती त्यांची मुले. म्हणजे पट घटत जातो तसा उरलेला प्रत्येक विद्यार्थी अधिक गरजू होत जातो, आणि नेमक्या त्याच वेळी दरडोई खर्चाचा हिशेब त्याच्या विरोधात मांडला जातो. ज्या मुलांच्या आई-वडिलांना शाळा निवडण्याची संधीच नाही, त्यांची शाळा महाग पडते म्हणून बंद करणे हे कोणत्या न्यायात बसते?

कंत्राटी नेमणुकांच्या समर्थनार्थ म्हटले जाते की वर्ग रिकामा राहण्यापेक्षा मानधनावरचा शिक्षक बरा. नियमित भरतीला वर्षे लागतात, तोवर मुलांनी थांबायचे का? एका वर्षासाठी हा युक्तिवाद मला पटतो. पण महाराष्ट्राचा गेल्या पंचवीस वर्षांचा अनुभव असा की तात्पुरती सोय तात्पुरती राहत नाही. शाळा नसलेल्या वाड्यावस्त्यांवर वस्तीशाळा निघाल्या तेव्हा तिथल्या स्वयंसेवकांना महिन्याला १,००० रुपये मानधन होते. त्यांतल्या अनेकांना नियमित होण्यासाठी २०१४ उजाडावे लागले. २००० साली नव्या शिक्षकाला पहिली तीन वर्षे ठरावीक मानधनावर ठेवणारी शिक्षण सेवक योजना आली ती महिन्याला ३,००० रुपयांवर. पुढे हा आकडा ६,००० झाला आणि जानेवारी २०२३ पासून प्राथमिकच्या शिक्षण सेवकाला १६,००० रुपये मिळू लागले, डी.एड. होऊन, पात्रता परीक्षा आणि अभियोग्यता चाचणी देऊन, शिक्षक भरतीच्या पवित्र पोर्टलवर क्रमांक लागून आलेल्या तरुणाला तीन वर्षे एवढ्यावर काढावी लागतात. त्यानंतर सप्टेंबर २०२४ मध्ये वीसपर्यंत पट असलेल्या शाळांतील एका पदावर १५,००० रुपयांवर कंत्राटी शिक्षक नेमण्याचा निर्णय आला आणि शिक्षकांनी सामूहिक रजा घेऊन त्याला विरोध केला. या विरोधाकडे पगारदारांचा स्वार्थ म्हणून पाहिले गेले. मी त्याकडे असे पाहतो: सर्वांत लहान, सर्वांत दूरच्या शाळेसाठी सर्वांत अस्थिर नेमणूक राखून ठेवली गेली. पंधरा हजारांवर घाटमाथ्यावर आलेला तरुण दुसरीकडे चार पैसे अधिक मिळाले की जाणार, आणि त्याने तसे केले तर त्याला दोष कोण देणार?

नियमित शिक्षक तरी टिकतात का, असा प्रतिप्रश्न येतो आणि तो रास्त आहे. नोकरी कायम असूनही आमच्या शाळेवरचे चौघे गेलेच ना? इथे बदल्यांच्या पद्धतीकडे पाहावे लागते. २०१७ पासून जिल्हांतर्गत बदल्या ऑनलाइन झाल्या आणि त्यामुळे वशिला, चिठ्ठ्या आणि देवघेव यांना बराच आळा बसला. जुन्या काळी बदलीसाठी शिक्षकांना कुणाकुणाच्या दारात उभे राहावे लागे हे ज्यांनी पाहिले आहे, ते पुन्हा त्या पद्धतीकडे जा असे म्हणणार नाहीत, आणि मीही म्हणत नाही. परंतु या नियमांत पाऊस, रस्ता, मोबाइलची रेंज, वन्यप्राण्यांचा वावर अशा निकषांवर जी शाळा अवघड क्षेत्रात धरली जाते, तिथे तीन वर्षे पूर्ण झाली की शिक्षकाला बदलीचा अधिकार मिळतो. कष्टाच्या जागी गेलेल्याला परत येण्याचा हक्क असावा, हा हेतू न्याय्य आहे. परिणाम मात्र असा की अवघड क्षेत्र म्हणजे मोजून काढायचे दिवस ठरतात. शिक्षकाला पहिल्या वर्षी गाव कळते, दुसऱ्या वर्षी मुले कळतात, आणि तिसऱ्या वर्षी तो अर्ज भरतो. राहण्याचे कष्ट त्याच्या पदरात पडतात, राहण्याचा लाभ काहीच नाही. आदिवासी आणि नक्षलग्रस्त भागात काम करणाऱ्याला एकस्तर वेतनश्रेणीचा, म्हणजे एक पायरी वरच्या पगाराचा, लाभ मिळतो. कांदाटी खोऱ्यात किंवा कोयनेच्या पलीकडे राहणाऱ्याला तो नाही, कारण आमचा डोंगर त्या यादीत बसत नाही. उमेदवाराने मागितलेला भत्ता हा शिक्षकांना दिलेला नजराणा आहे असे म्हणणाऱ्यांनी एवढे सांगावे की तो भत्ता जर पाचव्या वर्षापर्यंत थांबणाऱ्यालाच मिळणार असेल, तर त्याचा पहिला लाभ कोणाला होईल? आंतरजिल्हा बदलीची वाट पाहणाऱ्या, पती एका जिल्ह्यात आणि पत्नी दुसऱ्या जिल्ह्यात अशा शिक्षकांना कोंडून ठेवा असे मी म्हणत नाही. ज्यांना थांबावेसे वाटेल त्यांना थांबणे परवडावे, इतकीच अपेक्षा आहे.

मुख्यालयी राहण्याच्या वादात नेमके हेच हरवते. घरभाडे भत्ता घेणाऱ्याने नेमणुकीच्या गावी राहिले पाहिजे आणि त्यासाठी ग्रामसभेचा ठराव दिला पाहिजे, असा दंडक आहे. तो पाळला न जाणे आणि त्यासाठी खोटे ठराव होणे हे वाईटच आहे. गुरुजींनीच खोट्या कागदावर सही घ्यावी याचे मी समर्थन करणार नाही. पण ज्या वाडीत भाड्याने देण्याजोगी खोली नाही, दवाखाना नाही आणि गुरुजींच्या स्वतःच्या मुलांना पाचवीनंतर शाळा नाही, तिथे कुटुंबासह राहा असा आदेश काढून काय होते? गुरुजी गावात राहावेत ही इच्छा नवी नाही, आणि ती जोतीराव फुल्यांनी फार विचारपूर्वक मांडली होती. फुल्यांचे मूळ गाव खटाव तालुक्यातील कटगुण आणि सावित्रीबाईंचे माहेर खंडाळा तालुक्यातील नायगाव, म्हणजे दोघांचीही मुळे आमच्याच जिल्ह्यातली. १८८२ मध्ये इंग्रज सरकारने शिक्षणाच्या चौकशीसाठी नेमलेल्या हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात जोतीरावांनी आधी सांगितले की सरकारचा महसूल रयतेच्या घामातून येतो आणि खर्च मात्र वरच्या वर्गांच्या शिक्षणावर होतो. मग ते प्राथमिक शिक्षकाच्या पगारावर आले: तो दरमहा १२ रुपयांपेक्षा कमी नसावा, मोठ्या गावांत १५ ते २० असावा, आणि अधिक मुले उत्तीर्ण करणाऱ्या शिक्षकाला पगाराखेरीज भत्ता मिळावा. एवढेच नव्हे, तर गावचा हिशेब तपासणे, दस्त नोंदवणे, टपाल सांभाळणे अशी कामे शिक्षकाकडे द्यावीत, म्हणजे ज्यांच्यात तो राहतो त्या लोकांत त्याचा मान वाढेल, असेही त्यांनी सुचवले. आज अशैक्षणिक कामांना विरोध करणाऱ्यांना हे वाचून अवघडल्यासारखे होईल, मलाही झाले. पण दोहोंतला फरक पाहावा. फुल्यांनी सुचवलेली कामे शिक्षकाला गावात रुजवणारी होती. आजची मतदारयाद्यांची, सर्वेक्षणांची आणि रोज भरायच्या ऑनलाइन माहितीची कामे त्याला वर्गातून उठवतात आणि त्यातून गावात त्याचा मान तसूभरही वाढत नाही. दीडशे वर्षांपूर्वीच्या त्या निवेदनात पगार, भत्ता, प्रतिष्ठा आणि गावातला वास या चारही गोष्टी एकत्र बांधलेल्या होत्या. आपण त्यातला फक्त वास उचलला आणि त्याची सक्ती केली.

एवढे झाल्यावर शेवटचा आक्षेप उरतो: पैसा कुठून आणायचा? हा प्रश्न जितका व्यावहारिक वाटतो तितकाच तो जुना आहे. गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९११ मध्ये केंद्रीय कायदेमंडळात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक आणले. खर्च झेपणार नाही, लोक तयार नाहीत, कर वाढतील, हे सारे तेव्हाही सांगितले गेले आणि १९१२ मध्ये ३८ विरुद्ध १३ मतांनी ते फेटाळले गेले. त्यानंतर अवघ्या पाच वर्षांनी, १९१७ मध्ये, शेजारच्या करवीर म्हणजे कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले. मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला १ रुपया दंड ठेवला. हिंदुस्थान सरकारच्या तिजोरीपुढे कोल्हापूरची तिजोरी केवढी होती? जे साम्राज्याला परवडत नव्हते ते एका संस्थानाला परवडले, कारण तिथे खर्चाचा क्रम लावणाऱ्या माणसाने शाळा यादीत वर धरली होती. कोठारी आयोगाने १९६६ मध्ये राष्ट्रीय उत्पन्नाच्या ६ टक्के शिक्षणावर खर्च करा असे सांगितले. त्या आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक हे कोल्हापूर जिल्ह्यातील बहिरेवाडीचे, खेड्यातल्या शाळेचे अर्थकारण आतून जाणणारे गृहस्थ. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानेही तोच ६ टक्क्यांचा आकडा पुन्हा लिहिला. एकच आकडा चोपन्न वर्षांनी पुन्हा उद्दिष्ट म्हणून लिहावा लागतो, तेव्हा मधल्या काळातल्या प्रत्येक अर्थसंकल्पात काय वर धरले गेले हे विचारण्याचा अधिकार मतदाराला आहे.

आता उमेदवाराच्या त्या चौथ्या मुद्द्याकडे येतो: गावाने वर्गणी काढून मानधनावर शिक्षक ठेवावा. हे सांगताना त्यांनी कर्मवीर भाऊराव पाटलांचे नाव घेतले आणि सभेत टाळ्या पडल्या. साताऱ्यात त्या नावाला टाळ्या पडणारच. पण कर्मवीरांचा दाखला इथे लागू पडत नाही, असे मला आदरपूर्वक म्हणायचे आहे. १९१९ मध्ये काल्याला रयत शिक्षण संस्था स्थापन झाली आणि १९२४ मध्ये ती साताऱ्याला आली. दळणाच्या वेळी मूठभर धान्य बाजूला काढणाऱ्या बायांच्या मुष्टिफंडावर तिची वसतिगृहे चालली, कर्मवीरांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी त्यासाठी अंगावरचे दागिने दिले. ते सारे परक्या सत्तेच्या काळात, सरकार जबाबदारी नाकारत असताना उभे राहिले. त्यातही कर्मवीरांनी शिक्षकाचा प्रश्न तात्पुरत्या मानधनावर सोडला नाही. १९३५ मध्ये त्यांनी साताऱ्यात शिक्षक घडवणारे ट्रेनिंग कॉलेज काढले, कारण खेड्यात टिकणारा शिक्षक खेड्यातूनच तयार करावा लागतो हे त्यांनी ओळखले होते. आणि १९४८ मध्ये सरकारने रयतचे अनुदान बंद केले तेव्हा आता वर्गणीवर भागवू असे म्हणून ते थांबले नाहीत. ते अनुदान परत मिळावे म्हणून गाडगेबाबांसारख्यांनी आपला शब्द खर्ची घातला. लोकांचा पैसा आणि सरकारचा पैसा यांतला भेद त्यांना पक्का कळत होता: लोकांच्या मुठीतून शाळेची उमेद वाढते, शिक्षकाचा पगार मात्र सरकारने द्यायचा. आजच्या वर्गणीचा व्यवहार कसा होतो तोही पाहावा. ज्या गावचे चाकरमाने मुंबईत स्थिरावले आहेत तिथे गणपतीत एका बैठकीत वर्षाचे मानधन जमा होते. शेजारच्या धनगरवाड्यात जमत नाही. मग शिक्षक कोणत्या मुलाला मिळणार हे त्याचा काका मुंबईत काय कमावतो यावर ठरणार का? हीच अडचण २०२३ च्या दत्तक शाळा योजनेतही आहे. देणगीदार रस्त्यावरून दिसणारी शाळा निवडतो, होडीने जावे लागणारी नाही. शिवाय गावाने एकदा शिक्षक ठेवला की संचमान्यतेच्या वेळी त्या गावची निकड कोणालाच दिसत नाही. वर्गणी जमवायचीच तर ती सहलीसाठी, वाचनालयासाठी, संगणकासाठी जमवावी.

आमदाराच्या हाती यातले काय आहे? बदलीचा आदेश त्याने काढू नये आणि पगार तो देऊ शकत नाही. पण शालेय शिक्षण विभागाच्या मागण्यांवर सभागृहात तो मत देतो, तारांकित प्रश्न विचारू शकतो, संचमान्यतेचे निकष डोंगरी तालुक्यांसाठी वेगळे असावेत असा आग्रह धरू शकतो, आणि एकस्तर वेतनश्रेणीच्या धर्तीवर डोंगरी भत्ता मागू शकतो. शिक्षक निवासासाठी तर त्याचा स्वतःचा निधीही वापरता येईल. पेव्हर ब्लॉकऐवजी दोन खोल्यांचे एक घर बांधले तर त्यावरही कोनशिला बसतेच. जावळी, पाटण आणि महाबळेश्वर तालुक्यांतील प्रत्येक जिल्हा परिषद शाळेत गेल्या पाच वर्षांत किती शिक्षक बदलले, त्यांतले किती जण कामगिरीवर उचलले गेले आणि किती शाळांवर सलग पाच वर्षे राहिलेला एकही शिक्षक नाही, ही माहिती शिक्षकांच्या पगाराच्या शालार्थ प्रणालीत आणि बदलीच्या पोर्टलवर आजही साठवलेली आहे. ती कोणी मागितलेली नाही एवढेच. एवढा एक प्रश्न मी पानभर मजकुरात लिहून निवडून आलेल्या आमदारांना आणि पडलेल्या त्या उमेदवारांना, दोघांनाही पाठवला आहे. आमच्या शाळेवरच्या सध्याच्या गुरुजींना येत्या जूनमध्ये तीन वर्षे पूर्ण होतात.